शून्य व्याजाच्या ऑफरवर घेतलेलं क्रेडिट कार्ड: काही महिन्यांनंतरचा हिशेब

आधी निकाल सांगून टाकते. जुन्या कार्डावर बाकी साचलेली असेल आणि ती दोन-तीन महिन्यांत फेडण्याइतका पैसा येणार हे नक्की असेल, तर शून्य व्याजाच्या ऑफरसाठी नवं कार्ड घेणं परवडतं, चांगलंच परवडतं. नवी खरेदी करायची म्हणून घेत असाल, तर फायदा आहे, पण जाहिरातीत दिसतो तेवढा नाही. आणि दोन्ही एकाच कार्डावर करणार असाल, तर घेऊच नका.

बँकेचं नाव मुद्दाम देत नाही. ऑफर सारख्या बदलतात आणि अटींचा साचा बहुतेक बँकांचा सारखाच असतो. माझ्या कार्डावर सुरुवातीला तीन गोष्टी होत्या: जुन्या कार्डावरची बाकी इकडे वळवली तर तीन महिने शून्य व्याज, मोठ्या खरेदीवर नो-कॉस्ट ईएमआय (बिनव्याजी म्हणवले जाणारे हप्ते), आणि नेहमीची ‘५० दिवसांपर्यंत’ बिनव्याजी मुदत. पहिल्या वर्षाची फी माफ. कार्ड देणारा माणूस फोनवर या तिन्ही गोष्टी एका दमात ‘मॅडम, पूर्ण बिनव्याजी’ म्हणून सांगतो. प्रत्यक्षात तिघांचे नियम वेगवेगळे आहेत आणि खरी गोम तिथेच आहे.

सगळ्यात कामाची ठरली ती बाकी वळवण्याची सोय, म्हणजे बॅलन्स ट्रान्सफर. दवाखान्याच्या खर्चामुळे जुन्या कार्डावर ८०,००० रुपये अडकले होते. तिथला दर महिन्याला ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२. महिन्याचं व्याज २,८०० रुपये, आणि क्रेडिट कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो ५०४. मिळून ३,३०४ रुपये दरमहा, आणि मुद्दल जिथल्या तिथे. नव्या बँकेने व्याज शून्य लावलं, पण प्रोसेसिंग फी २ टक्के घेतली: १,६०० रुपये आणि त्यावर जीएसटी २८८. एकूण १,८८८. आता हा आकडा जुन्या व्याजाशेजारी ठेवून बघा. जुन्या कार्डावर सतरा-अठरा दिवसांत जेवढं व्याज चढत होतं, तेवढ्यात इथे तीन महिने मिळाले. ‘शून्य’ म्हणून सांगितलेल्या गोष्टीला १,८८८ पडले याचा राग येऊ शकतो. मला आला नाही, कारण फीचा आकडा अर्ज करतानाच पडद्यावर होता. फोनवर मात्र त्याचा उच्चार झाला नव्हता.

तीन महिन्यांत ८०,००० फेडायचे म्हणजे दर महिन्याला २६,६६७. हे गणित कार्ड यायच्या आधी करावं, नंतर नाही. मुदत संपली की उरलेल्या रकमेवर कार्डाचा नेहमीचा दर लागू होतो आणि तो जुन्या कार्डापेक्षा कमी असेलच असं नाही. माझ्या बाबतीत उलट थोडा जास्तच होता. या दरांना वरची मर्यादा असेल असं कुणी समजत असेल तर तसं नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणं अनुचित ठरवलं होतं, पण डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. त्यामुळे ऑफर संपल्यानंतरचा दर किती, हा प्रश्न ऑफरमधल्या दरापेक्षा महत्त्वाचा. तो ‘एमआयटीसी’, म्हणजे महत्त्वाच्या अटींच्या पत्रकात असतो. बारीक अक्षरातलं, कंटाळवाणं पत्रक आहे. व्याजदराचा तक्ता आणि मोफत (म्हणजे बिनव्याजी) मुदत कधी जाते तो परिच्छेद, एवढं वाचलं तरी अर्धं काम होतं.

मोफत मुदतीचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण माझ्या ओळखीतले बरेच जण इथेच अडकतात. माझं बिल १२ तारखेला बनतं आणि भरायची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची २. म्हणजे १३ मार्चला घेतलेली वस्तू १२ एप्रिलच्या बिलात येते आणि पैसे २ मेपर्यंत भरायचे असतात. झाले ५० दिवस. तीच वस्तू ११ एप्रिलला घेतली तर मिळतात जेमतेम २१. ‘पर्यंत’ हा शब्द तेवढं काम करून जातो. पण ही मुदत मिळते ती आधीचं बिल पूर्ण भरलेलं असेल तरच. आधीच्या बिलातले थोडेसे जरी राहिले, तरी नव्या खरेदीवर खरेदीच्या तारखेपासून व्याज सुरू होतं.

आता या दोन गोष्टी एकत्र करून बघा. वळवून आणलेले ८०,००० माझ्या कार्डाच्या बिलात ‘एकूण देय’ रकमेतच धरले जात होते. मी त्यातले ठरल्याप्रमाणे २६-२७ हजार भरत होते, म्हणजे बिल पूर्ण भरलेलं नव्हतं. मग त्या कार्डावर किराणा घेतला असता, तर ८०,००० वर व्याज शून्य आणि किराण्यावर मात्र पहिल्या दिवसापासून महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्के. शिवाय भरलेले पैसे आधी कुठल्या बाकीत जमा होणार, तो क्रम बँकेच्या अटींप्रमाणे ठरतो, आपल्या मनाप्रमाणे नाही. म्हणून बाकी फिटेपर्यंत ते कार्ड मी कपाटात ठेवलं, अॅपमधून ऑनलाइन व्यवहारांचं बटण बंद केलं आणि रोजचा खर्च दुसऱ्या कार्डावर चालू ठेवला. कार्ड घेताना स्वागत म्हणून काही रिवॉर्ड पॉइंट कबूल केले होते, ते ठरावीक खर्च न केल्यामुळे गेले. जाऊ देत. ते पॉइंट पदरात पाडायला खर्च केला असता तर व्याजाने त्याच्या कितीतरी पट नेले असते. मला तर वाटतं ते पॉइंट ठेवलेलेच असतात त्यासाठी.

बाकी फिटल्यावर नो-कॉस्ट ईएमआय वापरून बघितला. फ्रिज, ६०,००० रुपये, सहा हप्ते. हप्ता बरोबर १०,०००. वरवर बघता एक पैसाही जास्त नाही. बिलात मात्र वेगळंच चित्र दिसतं: मुद्दल ५७,२९७, व्याज १६ टक्के दराने साधारण २,७०३. दोन्ही मिळून ६०,०००. म्हणजे बँक व्याज घेतेच, फक्त तेवढी सूट विक्रेता किंवा कंपनी आधीच किमतीतून वजा करते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं की शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, व्याज प्रोसेसिंग फीच्या नावाखाली लपवलं जातं. २०२२ च्या निर्देशांत पुढचं पाऊल आलं: मुद्दल, व्याज आणि ‘नो-कॉस्ट’ करण्यासाठी दिलेली सूट हप्ते पाडण्याआधी ग्राहकाला वेगवेगळी दाखवायची आणि बिलातही वेगळी छापायची. आज आपल्याला हे आकडे दिसतात ते त्यामुळे.

सूट मिळते ती व्याजाची. त्या व्याजावरचा जीएसटी आपणच भरतो. पहिल्या महिन्याचं व्याज ७६४, त्यावर जीएसटी १३७ रुपये ५० पैसे. पुढे दर महिन्याला कमी होत जातो. सहा महिन्यांचा मिळून ४८७ च्या आसपास. प्रोसेसिंग फी १९९ आणि तिचा जीएसटी धरून २३५. म्हणजे फ्रिजला सगळे मिळून सुमारे ७२० रुपये जास्त गेले. वर्षाच्या हिशेबाने हा दर साधारण ४ टक्के पडतो. कर्ज म्हणून बघितलं तर स्वस्तच आहे, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही.

फक्त एक गोष्ट विचारायला विसरू नका: एकरकमी पैसे दिले तर भाव किती? दुकानदाराने ५ टक्के सोडले असते तर फ्रिज ५७,००० ला आला असता, आणि मग हप्त्यांची खरी किंमत ७२० नव्हे तर ३,७२० झाली असती. मी विचारलं होतं. त्या मॉडेलवर तेव्हा एकरकमी सूट नव्हती, म्हणून हप्ते घेतले. याच दुकानात टीव्हीवर मात्र होती, आणि तो घेतला असता तर हप्त्यांच्या वाटेला गेले नसते. आणखी एक: ईएमआयच्या रकमेवर माझ्या कार्डाचे पॉइंट मिळाले नाहीत, आणि दुसऱ्या वर्षीची फी माफ व्हायला जो खर्च मोजतात त्यातही ती धरली गेली नाही.

वस्तू परत करायची वेळ आली तर सावध राहा. विक्रेत्याने पैसे परत केले म्हणून बँकेतला ईएमआय आपोआप बंद होईलच असं नाही. बँकेला कळवावं लागतं, नाहीतर एकीकडे पैसे जमा दिसतात आणि दुसरीकडे हप्ता चालूच. हप्ते मुदतीआधी बंद करायलाही फी लागते. माझ्या कार्डावर ती उरलेल्या मुद्दलाच्या ३ टक्के होती, वर जीएसटी. नो-कॉस्टमध्ये आधी फेडून जे व्याज वाचतं, त्यातलं बरंचसं किंवा सगळंच या फीत जातं.

लिमिट आणि सिबिल स्कोअर, म्हणजे कर्ज कसं वापरतो-फेडतो त्यावरून मिळणारे गुण. माझं लिमिट दीड लाख, त्यात ८०,००० वळवलेले. म्हणजे निम्म्याहून जास्त लिमिट पहिल्याच दिवशी भरलेलं. स्कोअर थोडा घसरला, बाकी कमी झाली तसा वर आला. जानेवारी २०२५ मध्ये बँकांनी ही माहिती सिबिलसारख्या संस्थांना महिन्याऐवजी दर पंधरा दिवसांनी पाठवायला सुरुवात केली, त्यामुळे चढउतार लवकर दिसू लागला. गृहकर्जाचा अर्ज तोंडावर असेल तर हे प्रकरण त्या काळात करू नये. अर्जाची चौकशीही रिपोर्टवर उमटते.

कार्डावरून एटीएममधून रोख काढणं हा विषय मी एका ओळीत संपवते: बहुतेक कार्डांवर त्याला कुठलीच बिनव्याजी मुदत नसते, फी वेगळी, काढूच नका.

ऑटो-डेबिट लावताना अॅप दोन पर्याय देतं, ‘एकूण देय’ आणि ‘किमान देय’. माझ्या अॅपमध्ये आधीपासून टिक केलेला होता तो किमानचा. योगायोग असेल. किमान भरलं की लेट फी लागत नाही एवढंच. व्याज चालू राहतं आणि मोफत मुदतही जाते. ज्यांना ‘वेळेवर भरतोय तरी व्याज कसं’ हा प्रश्न पडतो, त्यांनी आधी ही टिक तपासावी. बॅलन्स ट्रान्सफरच्या काळात मात्र मी ऑटो-डेबिट किमानवरच ठेवलं होतं, तारीख चुकू नये म्हणून, आणि वरची रक्कम पगार झाला की हाताने भरत होते. ड्यू डेट चुकलीच तर तीन दिवसांची सवलत आहे. बाकी त्याहून जास्त दिवस राहिली तरच लेट फी लावता येते.

कस्टमर केअरला पाचपैकी दोन. प्रत्येक फोनला वेगळा माणूस, आणि ऑफर कधी संपते याची तारीख दोघांनी दोन सांगितल्या. मी ईमेलवर लेखी मागितली, ती दोन दिवसांत आली आणि तीच बरोबर निघाली. अॅपला चार, कारण हप्त्यांचं वेळापत्रक मुद्दल-व्याज-जीएसटी असं महिन्यागणिक उघडून दिसतं.

फ्रिजचा शेवटचा हप्ता गेला की कार्ड बंद करणार आहे. दुसऱ्या वर्षाची फी भरण्याइतकं त्यात आता काही उरलेलं नाही. बंद करायचा अर्ज ईमेलने किंवा अॅपमधून द्यायचा, फोनवर नाही, कारण तारखेचा पुरावा हवा. बाकी शून्य असेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायला हवं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाचा ५०० रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा असतो, हाही २०२२ चाच नियम. अर्ज द्यायच्या आधी उरलेले पॉइंट वापरून घ्या आणि त्या कार्डावर विजेचं बिल किंवा कुठलं सबस्क्रिप्शन लावलेलं असेल तर ते दुसरीकडे हलवा.