ताती की एतेक्स: पहिला चित्रपट कुणाचा लावायचा?

जुना फ्रेंच विनोदी सिनेमा कधी पाहिलेला नाही, एक संध्याकाळ मोकळी आहे आणि समोर दोन नावं आहेत: जाक ताती आणि पिएर एतेक्स. दोघंही स्वतः लिहायचे, स्वतः दिग्दर्शन करायचे आणि बहुतेक वेळा मुख्य भूमिकेतही स्वतःच असायचे. दोघांच्या सिनेमात बोलणं कमी, म्हणून सबटायटल्स वाचण्यात जीव जात नाही. मग निवडायचं कसं? माझं उत्तर जरा विचित्र वाटेल, पण ते असं: आधी तुमच्याकडे पडदा केवढा आहे ते बघा.

मी तातीचा ‘प्लेटाइम’ पहिल्यांदा लॅपटॉपवर पाहिला आणि चाळिसाव्या मिनिटाला झोपलो. चूक सिनेमाची नव्हती. तातीने १९६७ चा हा चित्रपट ७० मिलिमीटरच्या, म्हणजे नेहमीपेक्षा रुंद फिल्मवर घेतला, त्यात क्लोज-अप जवळजवळ नाहीत आणि एका वेळी पडद्यावर पाच-सहा गमती चालू असतात. डावीकडे कुणीतरी काचेच्या दाराला धडकतो, मागे एक वेटर रुसतो, उजवीकडे एक बाई टोपी शोधते. नेमकं कुणाकडे बघायचं हे ताती सांगत नाही. पुढे मोठ्या पडद्यावर तोच चित्रपट पाहिला, तेव्हा माझ्या शेजारचा माणूस भलत्याच ठिकाणी हसत होता आणि त्याला मीही तसाच वाटत असणार.

एतेक्सचं उलट आहे. त्याची एक गंमत एका वेळी, नीट चौकटीत बसवलेली, सुरुवात आणि शेवट असलेली. लहान पडद्यावरही ती पोचते.

तरी दोघं परके नाहीत. फ्रान्समधल्या रोआन गावचा एतेक्स, जन्म १९२८, मुळात चित्रकार. रंगीत काचकामही शिकलेला. १९५० च्या दशकात तो तातीकडे आला आणि ‘मोनॉंक्ल’साठी त्याने चित्रं काढली, गमती रचल्या, सहायक म्हणून राबला. चित्रपटाचं पोस्टरही त्याचंच. तातीच्या चित्रपटांवरून पुस्तकं लिहायला एक तरुण लेखक तिथे आला होता, ज्याँ-क्लोद कारिएर. एतेक्स आणि कारिएर यांची जोडी जमली ती तिथेच. पुढे एतेक्सच्या बहुतेक चित्रपटांचं लेखन दोघांनी मिळून केलं.

‘मोनॉंक्ल’वरून आठवलं. इंग्रजीत त्याला ‘माय अंकल’ म्हणतात आणि आपल्याकडे कुणीही सहज ‘माझे काका’ म्हणेल. पण चित्रपटातला ह्यूलो, म्हणजे ताती स्वतः रंगवतो ते पात्र, हा त्यातल्या लहान मुलाच्या आईचा भाऊ आहे. म्हणजे मामा! आणि एकदा मामा म्हटलं की नातं चटकन कळतं: वडिलांच्या शिस्तीतून सुटका करणारा, भाच्याला गल्लीतल्या पोरांत मोकळं सोडणारा, बहिणीला लाडका आणि मेहुण्याच्या डोक्याला ताप. मेहुण्याचं घर म्हणजे एक आधुनिक पेटी. अंगणात धातूचा मासा आहे, त्याच्या तोंडातून कारंजं उडतं, पण ते पाहुणा आला तरच सुरू करायचं. नवरा-बायको रात्री वरच्या दोन गोल खिडक्यांत उभे राहिले की घरालाच डोळे फुटल्यासारखं दिसतं. १९५८ च्या या चित्रपटाला कान चित्रपट महोत्सवात विशेष ज्युरी पुरस्कार आणि नंतर परदेशी भाषेतल्या सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर मिळालं.

तातीचा जन्म १९०७ चा, पॅरिसजवळच्या ल पेकचा. खरं आडनाव तातिशेफ, आजोबा रशियन. घरचा धंदा चित्रांच्या चौकटी बनवण्याचा होता. हा मात्र रग्बी खेळायचा आणि खेळाडूंच्या नकला करत म्युझिक हॉलमध्ये शिरला. लेखिका कोलेतने १९३६ मध्ये त्याच्याबद्दल लिहिलं, त्याचा आशय असा की हा माणूस एकाच वेळी घोडाही होतो आणि स्वारही. हे शरीर पुढे ह्यूलोला मिळालं. उंच, पुढे झुकलेला, आखूड विजार, पट्ट्यांचे मोजे, तोंडात पाइप. तो काही करत नाही, त्याच्या आसपास होत राहतं.

एतेक्सचा नायक छोटेखानी, नीटनेटका आणि चेहरा कोरा. त्याला काहीतरी हवं असतं. ‘ल सुपिरां’मध्ये (१९६३) पुस्तकात बुडालेल्या मुलाला आईवडील लग्न कर म्हणतात आणि तो बिचारा आज्ञाधारकपणे मुलगी शोधायला निघतो. आपल्याकडच्या प्रेक्षकाला इथे समजावून सांगण्यासारखं काही नाही. ‘ल ग्राँ आमूर’मध्ये (१९६९) विवाहित गृहस्थ तरुण सेक्रेटरीच्या स्वप्नात हरवतो: त्याचा पलंग गावाकडच्या रस्त्यावरून मोटारीसारखा धावतो आणि वाटेत इतरांचेही पलंग भेटतात, कुणाचा बंद पडलेला. विनोद बघून मी हसलो, पण बायकोचं पात्र मात्र त्या काळातच अडकलेलं वाटलं.

‘योयो’ (१९६५) या सगळ्यांत वरचा. १९२० च्या दशकातला एक कंटाळलेला कोट्यधीश, प्रचंड वाडा, करकरणारी दारं. हा भाग मूकपटासारखा आहे, दाराची करकर तेवढी मुद्दाम मोठी. मग १९२९ ची मंदी येते, वाडा जातो आणि तो सर्कसवाल्या प्रेयसीबरोबर, मुलाला घेऊन रस्त्याला लागतो. बाप आणि मोठा झालेला मुलगा दोन्ही एतेक्सच. जन्मभर सर्कशीवर जीव असलेल्या माणसानेच असा चित्रपट करावा. तो नंतर खरोखर सर्कशीत गेला: पत्नी आनी फ्रातेलिनीबरोबर १९७४ मध्ये सर्कशीची शाळा उभारली.

पैशाच्या बाबतीत दोघांचं नशीब जवळजवळ सारखंच फाटकं. ‘प्लेटाइम’साठी तातीने पॅरिसच्या वेशीवर काच-पोलादाचं अख्खं नगर उभारलं, लोक त्याला ‘तातीव्हील’ म्हणत. चित्रीकरण लांबलं, कर्ज वाढलं, चित्रपट पडला. ताती दिवाळखोरीत गेला आणि त्याच्या चित्रपटांवरचे हक्कही हातून गेले. एतेक्सचं वेगळं: १९७१ च्या ‘पेई द कोकान्य’ या माहितीपटात त्याने सुट्टीवरच्या फ्रेंच माणसांना आरसा दाखवला, तो कुणाला आवडला नाही. पुढे वितरण हक्कांच्या भांडणात त्याचे चित्रपट वर्षानुवर्षं अडकून पडले. हजारो लोकांनी सह्या केल्या, प्रती दुरुस्त झाल्या आणि २०१० मध्ये ते पुन्हा पडद्यावर आले. ताती १९८२ मध्येच गेला होता. एतेक्सने हा दिवस पाहिला, २०१६ पर्यंत होता.

तर निवड. फोन किंवा लॅपटॉप असेल तर एतेक्स, आणि सुरुवात ‘उरो आनिव्हर्सेर’ या लघुपटाने करा: लग्नाच्या वाढदिवसाला बायको जेवणाच्या टेबलावर वाट बघते आणि नवरा पॅरिसच्या ट्रॅफिकमध्ये अडकतो. जेमतेम पाव तास. याला ऑस्कर मिळालंय. आवडला की त्याच रात्री ‘योयो’. बरोबर लहान मुलं असतील तर पडदा कितीही असो, ‘मोनॉंक्ल’ लावा. कारंज्याच्या माशापाशी मुलं हसणारच. टीव्ही मोठा आहे पण मंद लय सोसते की नाही याची खात्री नसेल, तर तातीचा १९५३ चा समुद्रकाठच्या सुट्टीवरचा ‘ले व्हाकाँस द मस्य ह्यूलो’ बघा: हॉटेल, वाळू, टेनिस आणि दर वेळी तोच ‘पोंग’ आवाज करणारं जेवणघराचं दार.

‘प्लेटाइम’ मात्र थांबवा. गावातल्या फिल्म सोसायटीत किंवा महोत्सवात लागला की जा, पुढच्या रांगेत बसू नका, मधोमध बसा. रेस्तराँच्या उद्घाटनाचा तो लांबलचक प्रसंग येईल, फरश्या उखडतील, छत कोसळेल आणि काचेचं दार फुटेल. दारवान तरीही हातात नुसती मूठ धरून, नसलेलं दार अदबीने उघडत राहील. तेवढ्यात मागच्या कोपऱ्यात काय चाललंय तेही बघा.