पैसे मॉलिब्डेनमचे, थर स्टीलचा

शाफ्टच्या जर्नलवर (बुशमध्ये, म्हणजे बेअरिंगच्या नळीत, फिरणारा भाग) मॉलिब्डेनमचा मेटल स्प्रे, म्हणजे वितळलेल्या धातूचा फवारा, करून घेणार असाल तर जॉब पाठवण्याआधी हे वाचा.

हा थर घ्यायचा तो त्यातल्या छिद्रांसाठी. वितळलेल्या वायरचे थेंब एकावर एक चपटे बसतात, मध्ये बारीक पोकळ्या राहतात. त्यांत तेल मुरतं आणि मशीन सुरू होताना, तेलाचा दाब यायच्या आधी, तेच बुशला वाचवतं.

आमचा ८० मिमी व्यासाचा जर्नल परत आला तो आरशासारखा चकाकत, सोबत सर्टिफिकेट. थोड्याच दिवसांत बुश तापला, जाम झाला, आणि थराचा सलग पापुद्रा सुटून हातात आला. त्याच्या आतल्या बाजूला लेथच्या टूलच्या रेघा जशाच्या तशा उमटलेल्या. म्हणजे ग्रिट ब्लास्टिंग, टोकदार कणांचा मारा करून पृष्ठभाग खरबरीत करणं, झालंच नव्हतं. लॅबमध्ये तपासलं तर वायर १३ टक्के क्रोमियमच्या स्टीलची, छिद्रं सीलरने बुजवलेली आणि वर पॉलिश. मॉलिब्डेनमची वायर स्टीलपेक्षा कैकपट महाग असते, सगळी मलई तिथेच.

जॉबसोबत आपल्या खुणेचा पंच मारलेली अॅल्युमिनियमची पट्टी द्या आणि शाफ्टसोबत एकाच वेळी, आपल्या माणसासमोर तिच्यावर स्प्रे करायला लावा. मग पट्टीला चुंबक लावून बघा: मॉलिब्डेनमला चुंबक चिकटत नाही, या स्टीलला चिकटतं. शाफ्टवर चुंबक लावून काही कळणार नाही, कारण खालचं स्टीलच ओढतं. पितळेची पट्टी मात्र नको, तांब्या-पितळेवर मॉलिब्डेनम धरत नाही.

ब्लास्टिंग झाल्यावर स्वतः बघा. पृष्ठभाग सगळीकडे सारखा, मळकट राखाडी हवा, एकही चकाकता ठिपका नको. त्याला बोट लावू नका. पावसाळी हवेत लगेच स्प्रे सुरू झाला पाहिजे, नाहीतर गंज धरतो.

ग्राइंडिंगनंतर थराला कोमट तेल लावून तासभर ठेवा, कोरडं पुसा आणि हॉट एअर गनने हलकं गरम करा. उघड्या छिद्रांतून तेल घामासारखं वर येतं, बुजवलेला थर कोरडाच राहतो. कधीकधी बोथट ग्राइंडिंग व्हीलनेही छिद्रं मिटतात, तेव्हा लगेच आरोप करू नका, व्हील ड्रेस करून (घासून पुन्हा धारदार करून) बारीक कट घ्यायला सांगा.

पीओत (खरेदी ऑर्डरमध्ये) स्पष्ट लिहा: मॉलिब्डेनम वायर, ग्रिट ब्लास्ट, ग्राइंडिंगनंतर थराची जाडी एका बाजूला ०.४ मिमी, सीलर नको. आणि वायर खरेदीचं बिल मागा. ८० मिमी व्यासाच्या, १२० मिमी लांबीच्या जर्नलला, उडून जाणारी धरून, साधारण पाव किलो वायर लागते.