शस्त्रसामग्रीची कार्डं: ढाल सरस, प्रार्थनाच राहिली
बायबलमधल्या इफिसकरांस पत्र 6:10–18 वर, म्हणजे देवाने दिलेल्या आध्यात्मिक शस्त्रसामग्रीच्या उताऱ्यावर बेतलेला हा सहा कार्डांचा संच रोजच्या मननाला खरोखर उपयोगी आहे. सर्वांत सरस कार्ड ढालीचं: पुढे दारासारखी उंच रोमी ढाल, तिच्यात विझलेले जळते बाण, कार्डाच्या मागच्या बाजूला मननाच्या तीनच पायऱ्या. मनात आलेला आरोप लिहा, त्यासमोर वचन मोठ्याने वाचा, मग थांबा. हे थांबणं फार मोलाचं! 11 ते 14 या वचनांचा भर टिकून उभं राहण्यावर आहे. विजय ख्रिस्ताने आधीच मिळवलाय. बरेच जण इथेच चुकतात, सैतानालाच धमकावत बसतात आणि थकून जातात. बायबलमधल्याच इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायातला देवाचा विसावा मात्र संचात एका ओळीत उरकलाय. 18व्या वचनातली प्रार्थना तर सुटलीच. सातवं कार्ड हवंच होतं.