पंकचा पहिला ऐवज: रेकॉर्ड, कागद की कपडा?

२६ नोव्हेंबर २०१६ रोजी लंडनमध्ये टेम्स नदीतल्या एका बोटीवर जो कोरे याने पंकच्या, म्हणजे १९७० च्या दशकातल्या बंडखोर रॉक संगीताच्या आणि फॅशनच्या, वस्तूंची होळी केली. तो सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा व्यवस्थापक माल्कम मॅक्लॅरन आणि फॅशन डिझायनर व्हिव्हियन वेस्टवुड यांचा मुलगा. या बँडचं पहिलं गाणं ‘अनार्की इन द यूके’ बाजारात आलं त्याला त्या दिवशी बरोबर ४० वर्षं होत होती. पंकचे रीतसर, प्रतिष्ठित सोहळे चालू होते आणि त्यांचा निषेध म्हणून ही होळी होती. जळालेल्या मालाची किंमत त्यानेच ५० लाख पौंड सांगितली. बंडाचा बाजार झाला हे दाखवायलाही बाजारभाव सांगावा लागला, ही गंमत आहेच.

ज्याला जाळायचं नाही, विकत घ्यायचं आहे, त्याच्यापुढे साधारण तीन वाटा असतात: सात इंची रेकॉर्ड, कागद (फॅनझिन म्हणजे चाहत्यांनी स्वतः काढलेली मासिकं, पोस्टर, कार्यक्रमांची पत्रकं) आणि कपडे. बॅज मी मोजतच नाही. ते कुणीही घरच्या घरी पाडू शकतं, ज्याला आवडतील त्याने शर्टाला लावावेत. निवड करताना दुर्मिळतेच्याही आधी एक गोष्ट पाहावी. पंक उभं राहिलं ते झेरॉक्स, मलमल आणि सेफ्टी पिनांवर, आणि ही सामग्री आजही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. जी वस्तू मुळात स्वस्तात झाली, तिची नक्कलही स्वस्तातच होते.

रेकॉर्ड

नवख्याने सुरुवात इथून करावी. तबकडी कारखान्यात दाबली जाते आणि तिथून निघताना स्वतःचे कागदपत्र अंगावर घेऊन निघते: लेबल, कॅटलॉग क्रमांक आणि शेवटच्या खोबणीनंतरच्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स, म्हणजे साच्याचा क्रमांक. विक्रेत्याकडून दोन्ही लेबलांचे, कव्हरच्या दोन्ही बाजूंचे आणि त्या कोऱ्या पट्ट्याचे, दिवा तिरपा धरून काढलेले फोटो मागायचे. मॅट्रिक्सचा फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर व्यवहार तिथेच थांबवा.

‘अनार्की’ची ईएमआय २५६६ (कंपनीचं नाव आणि कॅटलॉग क्रमांक) ही पहिली आवृत्ती साध्या काळ्या पाकिटात आली. पाकिटावर काही छापलेलं नसल्याने कुठलंही काळं पाकीट त्यावर चढतं, तेव्हा पाकिटासाठी जादा पैसे मोजू नका. खूण लेबलावर आहे. सुरुवातीच्या प्रतींत दोन्ही बाजूंना निर्माता म्हणून ख्रिस थॉमसचं नाव आहे. मागच्या बाजूचं गाणं खरं तर डेव्ह गुडमनने केलं होतं आणि पुढच्या प्रतींत ती चूक सुधारली गेली. म्हणजे चुकीच्या लेबलाची प्रत जास्त मोलाची.

बझकॉक्स या बँडचं ‘स्पायरल स्क्रॅच’ (ओआरजी १, जानेवारी १९७७) बँडने उसन्या ५०० पौंडांवर स्वतःच काढलं, आधी १००० प्रती. १९७९ साली ते पुन्हा छापलं गेलं आणि त्या कव्हरवर बँडच्या नावासोबत त्यांचा पहिला गायक हॉवर्ड डेव्होटो याचं नाव आलं. दोन सेकंदांत फरक कळतो, तरी १९७९ ची प्रत ‘ओरिजिनल’ म्हणून विकायला ठेवलेली सर्रास दिसते.

सेक्स पिस्टल्सच्या ‘नेव्हर माइंड द बोलॉक्स’ या अल्बमची सर्वांत आधीची प्रत ११ गाण्यांची असते. तिची मागची बाजू कोरी असते आणि सोबत एक पोस्टर आणि एकाच बाजूला गाणं असलेली छोटी रेकॉर्ड येते. इथे धोका जुळवाजुळवीचा: पोस्टर एका प्रतीतलं, छोटी रेकॉर्ड दुसरीतली. तिन्ही वस्तूंची झीज एकमेकींशी जुळते का ते पाहा. कव्हरचे कोपरे गोल झालेले आणि पोस्टरला घडीचा मागमूस नाही, असं असेल तर प्रश्न विचारा.

आणि ए अँड एम या रेकॉर्ड कंपनीची, सेक्स पिस्टल्सचीच ‘गॉड सेव्ह द क्वीन’. १० मार्च १९७७ रोजी बकिंगहॅम राजवाड्याबाहेर बँड आणि कंपनीच्या करारावर सह्या झाल्या आणि १६ मार्चला कंपनीने करार मोडला. दाबलेल्या सुमारे २५,००० प्रतींपैकी बहुतेक नष्ट केल्या. उरलेल्या मोजक्या प्रती आज दहा हजार पौंडांच्या पुढे जातात, म्हणूनच तिच्या नकला उदंड आहेत. त्यात २०२२ साली, राणीच्या ज्युबिलीच्या वेळी, त्याच लेबलाची अधिकृत नवी आवृत्तीही निघाली. पहिली खरेदी म्हणून हिच्या वाटेला जाऊ नका. तेच गाणं मे १९७७ मध्ये व्हर्जिन या दुसऱ्या कंपनीने व्हीएस १८१ या क्रमांकाने काढलं आणि ते भरपूर खपलं. त्याची चांगली प्रत आजही सामान्य माणसाच्या आवाक्यात आहे.

दर्जाच्या खुणांत एक खाच आहे. ब्रिटिश विक्रेत्याचं ‘ईएक्स’ (एक्सलंट) हे ढोबळमानाने अमेरिकन ‘व्हीजी प्लस’च्या (व्हेरी गुड प्लस) बरोबरीचं. दर्जा नुसता पाहून ठरवलाय की वाजवून, हेही विचारा. मंद उजेडात केसासारखे ओरखडे दिसत नाहीत, सुईखाली मात्र ऐकू येतात.

कागद

पंकच्या सर्वांत जवळ नेणारी वस्तू हीच, आणि फसवणारीही हीच. मार्क पेरीच्या ‘स्निफिन ग्लू’ या फॅनझिनचा पहिला अंक जुलै १९७६ चा, अवघ्या ५० प्रती. १९७७ मध्ये बारा अंकांवर ते थांबलं तोवर खप हजारोंच्या घरात गेला होता. म्हणजे शेवटच्या अंकांची अस्सल प्रत मिळण्याची शक्यता बरी, आणि पहिला अंक समोर आला तर हात आखडताच घ्यावा.

मूळ वस्तूच झेरॉक्स असेल तर नक्कल ओळखायची कशी? नक्कल मूळ प्रतीवरूनच काढावी लागते, त्यामुळे मूळ प्रतीच्या पिनेची आणि घडीची सावलीही कागदावर छापून येते. खऱ्या पिनेशेजारी ‘छापलेली’ पिन दिसली की निकाल लागला. बारीक अक्षरांची पोटं बुजलेली आणि कडेचा मजकूर कापला गेलेला असेल, तर ती नकलेची नक्कल आहे. पिन जुनी असेल तर गंजाचा डाग पुढच्या पानांवर उतरत उतरत फिका होतो. भोकांच्या दोन जोड्या असतील तर अंक कधीतरी सोडून पुन्हा टाचलाय. अतिनील दिव्याची चाचणी इथे निकाल देत नाही, कारण कागद उजळवणारी रसायनं १९५० च्या दशकापासून वापरात आहेत.

सेक्स पिस्टल्सची पोस्टरं करणाऱ्या जेमी रीडच्या पोस्टरांना किमान १० पटीचं भिंग लावा. स्क्रीन प्रिंटमध्ये शाई सपाट, जाड थरात बसते, ऑफसेटमध्ये ठिपके शिस्तीत असतात आणि घरगुती इंकजेटचे ठिपके शिंतोड्यांसारखे विखुरलेले असतात. कार्यक्रमाच्या पत्रकावर आधी तारीख आणि वार पडताळा. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या १०० क्लबमधला पंक महोत्सव २० आणि २१ सप्टेंबर १९७६ ला झाला, म्हणजे सोमवार आणि मंगळवार. नकली पत्रकं रचणारे नेमके अशा ठिकाणी घसरतात.

कपडे

लंडनमधल्या किंग्ज रोडवरच्या, मॅक्लॅरन आणि वेस्टवुड यांच्या ४३० क्रमांकाच्या दुकानाचं नाव १९७४ पासून ‘सेक्स’ होतं, १९७६ च्या अखेरीपासून १९८० पर्यंत ‘सेडिशनरीज’. त्या काळातले मलमलीचे, धातूच्या कड्या लावलेले, लांब बाह्यांचे शर्ट आणि गुडघ्यांमध्ये पट्टा असलेल्या बाँडेज पँट यांना सर्वांत मोठी मागणी आहे. पण ऐंशीच्या दशकात ‘बॉय’ या दुकानाने त्याच डिझाइनचे कपडे विकले, पुढे जपानमध्ये हुबेहूब कपडे बनले, आणि निव्वळ खोटा माल तर आहेच. नामांकित संग्रहांतल्या कपड्यांवरही शंका घेतल्या गेल्या आहेत. लेबलावर विसंबू नका, ते काढून दुसरीकडे शिवता येतं.

कपडा जुना दाखवायला चहाच्या पाण्यात बुडवतात. मग रंग सगळीकडे सारखा येतो, शिवणीच्या आतल्या दुमडीतही. खरी झीज कॉलरला आणि काखेत असते, आतली दुमड त्यामानाने स्वच्छ राहते. धातूच्या कड्या जिथे कापडाला टेकतात नेमका तिथेच गंजाचा डाग हवा. हे सगळं जमलं तरी त्या काळातला फोटो किंवा पहिल्या मालकापर्यंत पोचणारा माग नसेल, तर मी तरी पैसे लावणार नाही.

बोली लावण्यापूर्वी

लिलावात २०० पौंडांची बोली लागली आणि लिलावघराचं कमिशन २५ टक्के असेल, तर ५० पौंड वाढले. त्या कमिशनवर २० टक्के व्हॅट, म्हणजे आणखी १०. पार्सल, विमा आणि आपल्याकडचं सीमाशुल्क सुरू होण्याआधीच आकडा २६० झाला. कुरियर कंपनीची हाताळणी फीही आधीच विचारून ठेवा.

वस्तू मुंबईत किंवा कोकणात राहणार असेल तर खरा शत्रू पावसाळा. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवायची तर बंद डबा, सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक लागतो. जेल महिना-दीड महिन्याने तापवून कोरडं करावं लागतं. पीव्हीसीच्या पाकिटांत काहीच ठेवू नका. त्यातलं रसायन बाहेर येऊन रेकॉर्डवर धुरकट थर आणतं आणि झेरॉक्सची शाई प्लास्टिकला चिकटून निघून येते. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रोपिलीनची पाकिटं घ्या. रेकॉर्ड उभ्या ठेवाव्यात. मलमलीचा शर्ट हँगरला लावलात तर कड्यांच्या वजनाने खांद्यापाशी विरतो, तो आम्लरहित कागदात आडवा ठेवावा आणि धुवू नये. कपाटात डांबराच्या गोळ्या टाकायची घरची सवयही इथे आवरा. त्यांची वाफ प्लास्टिक मऊ करते.