कुंडीतली गोरखचिंच: अठरा महिन्यांच्या वापरानंतर

गोरखचिंच, म्हणजेच बाओबाब, बोन्सायसाठी घेणाऱ्याने एक गोष्ट आधीच समजून घ्यावी: हे झाड वडा-पिंपळासारखं वागत नाही. वडाच्या बोन्सायवर हात बसलेल्यांचा पहिला हंगाम बहुधा जुन्या सवयी मोडण्यातच जातो. खोड लाकडाचं दिसतं, पण आतून ते स्पंजासारखं मऊ आणि पाण्याने भरलेलं असतं. निम्मं झाड, निम्मं निवडुंग असं धरून चाललं की बरेचसे निर्णय आपोआप बरोबर येतात. अठरा महिने म्हणजे वाढीचे दोन हंगाम आणि मधली एक पानगळ. तेवढ्यात बोन्साय तयार होत नाही, पण झाड कशाने मरतं हे नीट कळतं.

बियांपासून सुरुवात सोपी आहे, फक्त टरफल फार टणक असतं. बी तशीच पेरली तर महिनोन्‌महिने मातीत पडून राहते. कानशीने किंवा जाड पॉलिश पेपरने एका बाजूचं टरफल आतला फिकट रंग दिसेपर्यंत घासायचं, मग उकळी येऊन उतरवलेल्या पाण्यात बिया टाकून २४ तास तशाच ठेवायच्या. ज्या फुगल्या त्या पेरायच्या. ज्या तशाच राहिल्या त्या पुन्हा घासायच्या. खोली एक-दीड सेंटिमीटर, तापमान २५ ते ३० अंश. एक ते तीन आठवड्यांत कोंब दिसतात. टरफल पानांना चिकटून वर आलं तर ओढू नका, ओल्या कापसाने भिजवून सैल होऊ द्या. या वयात सगळ्यात मोठा धोका मर रोगाचा. रोप काल ताठ असतं आणि आज मातीलगत काळं पडून आडवं झालेलं असतं. त्याला औषध नाही. वारा खेळता ठेवणं आणि वरचा थर सुकू देणं एवढंच हातात असतं. पहिली पानं साधी, एकेरी येतात. पंजासारखी पानं नंतर येतात, तेव्हा चुकीचं बी मिळालं म्हणून रोप उपटू नका.

आता माती, कारण बहुतेक झाडं इथेच जातात. बागेतली माती आणि शेणखत हे मिश्रण वरून कोरडं दिसतं, मधे मात्र चिखल धरून बसतं आणि सोटमूळ खालून सडू लागतं. तीन ते सहा मिलिमीटरचे विटांचे तुकडे, प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) किंवा बारीक खडी, यांतलं जे मिळेल ते ७० टक्के आणि कुजलेल्या सालींचं किंवा पानांचं खत ३० टक्के हे प्रमाण चांगलं चालतं. चाळून बारीक धूळ काढलीच पाहिजे. धूळ राहिली तर बाकी सगळी मेहनत फुकट. वरून ओतलेलं पाणी पृष्ठभागावर न साचता लगेच खाली उतरलं पाहिजे. साचलं तर मिश्रण बदला, पाणी कमी घालून भागत नाही.

वाढीच्या दिवसांत पाणी भरपूर चालतं, पण दोन पाण्यांमध्ये कुंडी तळापर्यंत सुकू द्यायची. बांबूची काडी तळापर्यंत खोचून दहा मिनिटांनी काढायची. ती ओलसर आली तर थांबायचं. खोड दाबून पाहायची सवय लावून घ्या. तहानलेलं खोड किंचित दबतं, सालीवर बारीक सुरकुत्या येतात आणि पाणी दिल्यावर दोन-चार दिवसांत ते पुन्हा भरतं. सडलेलं खोडही दबतं, पण ते गडद होतं, त्याला आंबूस वास येतो आणि दाबलेला खळगा तसाच राहतो. हा फरक न कळल्याने सडत्या झाडाला आणखी पाणी घातलं जातं. सड लवकर दिसली तर झाड उपटून निरोगी फिकट गाभा लागेपर्यंत स्वच्छ धारेने कापायचं, गंधकाची भुकटी लावायची आणि आठवडाभर सावलीत उघडं सुकवायचं. वाचेलच असं नाही.

पानगळीत खरी परीक्षा असते. रात्री सातत्याने १५ अंशांखाली जाऊ लागल्या की पानं पिवळी पडून झडतात. त्या क्षणी पाणी जवळजवळ बंद. पानंच नाहीत तर मुळं ओढलेलं पाणी सोडणार कुठे? ओली माती आणि गार मुळं ही जोडी सगळ्यात घातक. तापमान १० अंशांच्या आसपास आलं की कुंडी घरात. बोटाएवढ्या बारीक रोपांकडे साठा कमी असतो, म्हणून त्यांना महिन्यातून एकदा घोटभर द्यावं. डोळे फुगू लागले म्हणून उत्साहाने भिजवू नका. पानं उघडू द्या, मग पाणी वाढवा.

खोड जाड करण्याबाबत एक गैरसमज पक्का बसलेला आहे: लहान कुंडीत कोंडलं की खोड फुगतं. तसं होत नाही. खोड जाड होतं ते पानांच्या जोरावर. रुंद, उथळ कुंडी, भरपूर ऊन आणि शेंडा मोकळा सोडलेला, हे हवं. शेंडा हात-दीड हात वाढू द्यायचा आणि पुढच्या हंगामाच्या तोंडावर, डोळे फुगताना, छाटायचा. छाट पेराच्या दोन-तीन सेंटिमीटर वर घ्यायची, कारण मऊ लाकूड कापल्या जागेपासून खाली सुकत येतं. ते थांबलं की उरलेला खुंट काढता येतो. जखमेवर ओल कोंडणारा लेप नको. चार-पाच दिवस पाणीही नको.

कुंडी बदलायची वेळही तीच, साधारण दोन-तीन वर्षांतून एकदा. सोटमूळ गाजरासारखं फुगतं आणि तेच पुढे खोडाचा भाग म्हणून दाखवता येतं. खालचा तिसरा हिस्सा कापून, काप सुकवून, झाड आधीपेक्षा एखादा सेंटिमीटर वर लावायचं. एकदम उघडं केलेलं मूळ उन्हात भाजतं, म्हणून घाई नको.

फांद्यांच्या बाबतीत हे झाड आडमुठं आहे. एकच कोंब सरळ वर जातो. दोन-तीन पानांवर खुडत राहिलं तरच बाजूचे डोळे फुटतात. तार लवकर रुतते आणि तिचे वळ बराच काळ राहतात. फांदी दोरीने खाली ओढून बांधणं जास्त बरं. पानं मोठीच येतात, ऊन वाढवून थोडी आखडतात. खत वाढीच्या काळात पंधरा दिवसांनी निम्म्या मात्रेत. नत्र जास्त झालं की लांबलचक, लुळे कोंब येतात.

जातींपैकी आफ्रिकेतली डिजिटाटा सुरुवातीला सगळ्यात समजूतदार. मादागास्करमधली रुब्रोस्टिपा बाटलीसारख्या खोडाची, दातेरी पानांची आणि दिसायला देखणी, पण थांबायची तयारी असेल तरच घ्या. फुलांची आशा कुंडीत धरू नये.

कीड फारशी त्रास देत नाही, पण पिठ्या ढेकूण पानांच्या देठाशी लपतो आणि कोरड्या हवेत लाल कोळी पानं फिकट करतो. पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारला तर कोळ्यावर पुरेसा होतो. पिठ्यासाठी कापसावर स्पिरिट घेऊन एकेक पुसावा. पानगळीत मात्र मुळांजवळ पांढरी पूड दिसते का ते कुंडी हलवून पाहा, कारण मुळांवरचा पिठ्या कोरड्या मातीतच फोफावतो आणि वरून काहीच दिसत नाही.