हेस्परॉर्निसचा रेझिन सांगाडा : दातांसाठी तरी घ्याच

खोका उघडल्यावर आधी वरच्या चोचीचं टोक पाहिलं. तिथे दात नाहीत, आणि तेच बरोबर आहे! हेस्परॉर्निस या नामशेष पक्ष्याला वर फक्त मागच्या भागात दात होते, खालच्या जबड्यात मात्र पुढपर्यंत. स्वस्तातल्या मॉडेलांत चोचभर दात ठोकलेले असतात. इथे भिंगातून बघा, एकेक दात लांब खाचेत बसवलेला आणि जरासा मागे वळलेला दिसतो. जीव ओतून केलेलं काम आहे.

पंखांच्या जागी नुसतं दंडाचं बारीक हाड आहे. तुटलंय समजून परत पाठवू नका. हा पक्षी उडायचा नाही, पायांनी पाणी मारत बुड्या घ्यायचा. आठेक कोटी वर्षांपूर्वी अमेरिकेतलं कॅन्सस समुद्राखाली होतं. तिथल्या खडूच्या थरांतल्या जीवाश्मांवरून जीवाश्मतज्ज्ञ ओथनिएल मार्श यांनी १८७२ मध्ये त्याला नाव दिलं.

स्टँड मात्र साफ चुकलाय. पेंग्विनसारखा ताठ उभा केलाय, पण याचे पाय बाजूला फाकलेले. जमिनीवर असं उभं राहणं त्याला जमलंच नसतं. मी स्टँड काढून सांगाडा पोहण्याच्या पवित्र्यात आडवा टांगलाय. आता पायाचं सगळ्यात लांब, बाहेरचं बोटही नीट दिसतं. पाचपैकी चार तारे.