दुबईच्या करामा भागातल्या मानसोपचार क्लिनिकचा अनुभव (तिथल्या शाळेतल्या एका टीचरकडून) - ५ पैकी ४

आधीच सांगते, क्लिनिकचं नाव लिहिणार नाहीये कारण शाळेतल्या निम्म्या लोकांची मुलं-बाळं तिथल्याच खालच्या मजल्यावर सर्दी-तापाला जातात.

मी दुबईत सीबीएसई शाळेत मॅथ्स शिकवते, राहते शारजात. म्हणजे पहाटे साडेपाचची बस, वाटेतल्या नॅशनल पेंट्स चौकात तुंबलेला रस्ता आणि मांडीवर तपासायच्या वह्या. गेल्या वर्षी शाळेच्या इन्स्पेक्शनच्या आधी बसमध्येच पहिल्यांदा झालं, छातीत धडधड, बोटांना मुंग्या, आणि आता आपण उतरायच्या आधीच मरणार असं पक्कं वाटणं. मग ते वर्गात व्हायला लागलं. फळ्यावर अर्धं गणित सोडवलेलं आणि पुढची स्टेप डोक्यातून गायब, मागे तीस पोरं गप्प.

आधी एका जवळच्या दवाखान्यात गेले (हे क्लिनिक नव्हे). ईसीजी नॉर्मल. गॅसच्या गोळ्या दिल्या, डी व्हिटॅमिन कमी आहे म्हणाले, आणि "टेन्शन घेऊ नका मॅडम". बरं.

तिकडे आईला सांगितलं तर तिचा उपाय तयार. "अगं काकूंचा मुलगा येतोय पुढच्या आठवड्यात, त्याच्याबरोबर चिवड्याच्या डब्यात घालून पाठवते, तुझ्या बाबांना झोपेसाठी दिल्या होत्या त्यातल्या उरल्यात." त्या होत्या क्लोनाझेपाम! इथे ती कंट्रोल्ड, म्हणजे सरकारी नियंत्रणातली गोळी आहे, त्याच जातीची अल्प्राझोलामही तशीच. इथल्या सरकारची आधी परवानगी काढल्याशिवाय आणली तर एअरपोर्टवर त्या बिचाऱ्या पोराचीच वाट लागली असती. आईला हे पटवायला दोन फोन गेले. आपल्याकडे मेडिकलवाला ओळखीचा असला की काहीही मिळतं ना, ती सवय.

तर करामामधलं हे क्लिनिक. डॉक्टर मल्याळी बाई, हिंदी बऱ्यापैकी. पहिली व्हिजिट जवळजवळ पाऊण तास, आणि घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही त्यांनी. मला इंग्लिशमध्ये सांगताच येईना, 'घालमेल'ला काय म्हणणार? त्या म्हणाल्या तुझ्या भाषेत सांग आणि मग शरीरात कुठे काय होतं ते हाताने दाखव. मी पोटापासून गळ्यापर्यंत हात फिरवला, आणि मग रडलेच. टिश्यूचा बॉक्स माझ्या बाजूलाच ठेवलेला होता, म्हणजे मी पहिली नव्हे.

त्याआधी बाहेर एक फॉर्म भरून घेतात, ७ प्रश्न, गेल्या २ आठवड्यांत किती वेळा असं झालं, प्रत्येकाला ० ते ३ मार्क. सवयीने मीच टोटल मारली, २१ पैकी १६. टीचरच्या जन्मात पहिल्यांदा मार्क जास्त पडल्याचं वाईट वाटलं. थायरॉइडची टेस्ट लगेच करून घेतली त्यांनी, कारण थायरॉइड वाढलं तरी असंच धडधडतं म्हणे. हे त्या आधीच्या दवाखान्यात कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मी स्वतःच विचारलं, अर्धी क्लोनाझेपाम द्या ना. सरळ नाही म्हणाल्या. रोज घेतली तर सवय लागते आणि सोडताना त्रास होतो. एस्सिटालोप्राम (घबराट आणि डिप्रेशनवरची रोज घ्यायची गोळी) दिलं, पहिला आठवडा ५ एमजी मग १०, आणि बजावलं की २ ते ४ आठवडे फरक जाणवणार नाही, उलट सुरुवातीला मळमळेल आणि थोडी बेचैनी वाढेल, घाबरून मनाने बंद करायची नाही. अगदी तसंच झालं. पाचव्या दिवशी स्टाफरूममध्ये डबा उघडला आणि भाजीच्या वासाने पोटात ढवळलं. आधी सांगितलं नसतं तर मी तिथेच गोळ्या फेकल्या असत्या. तिसऱ्या आठवड्यानंतर कधीतरी लक्षात आलं की बस अडकलीये आणि मी वह्या तपासतेय.

आता एक स्टार का कापला. रिसेप्शन! "मॅम, सायकियाट्री ना? इन्शुरन्सचं अप्रूव्हल नाही आलं" हे सगळ्या वेटिंगला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. आणि समोरच्या खुर्चीत माझ्या नववी ब मधल्या एका मुलाचे वडील. त्यांनी पटकन फोनमध्ये डोकं घातलं. नंतर बघते तर त्यांचं टोकनही आमच्याच डॉक्टरांचं. पीटीएमला (शाळेतल्या पालकसभेला) आम्ही फक्त पोराच्या मार्कांवर बोललो, दोघंही फारच नम्रपणे.

इन्शुरन्सचं म्हणाल तर आधी पॉलिसीचा कागद वाचा. शाळेने दिलेल्या माझ्या पॉलिसीत मानसोपचार होता पण आधी अप्रूव्हल आणि वर २० टक्के आपले. पहिल्या वेळी अप्रूव्हल आलंच नाही, ५०० दिरहम खिशातून गेले. फार्मसीत ब्रँडेड पाकीट पुढे करतात, जेनेरिक आहे का विचारा, मला अर्ध्याच्या आत पडलं. एमिरेट्स आयडी (इथलं सरकारी ओळखपत्र) सोबत ठेवा. आणि शाळेला कळेल ही जी माझी सगळ्यात मोठी भीती होती, तर एचआरकडून आजपर्यंत अवाक्षर नाही. व्हिसाच्या मेडिकललाही माझं रक्त आणि छातीचा एक्स-रे घेतला, ह्याबद्दल कुणी विचारलं नाही.

जुलैत सुट्टीला गावी जायच्या आधी डॉक्टरांनी परत यायच्या तारखेपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या आणि सही-शिक्क्याचं पत्र दिलं, न मागता. शनिवारच्या अपॉइंटमेंट टीचर लोकच संपवतात, सोमवारीच फोन करा, आणि रिसेप्शनवर जाल तेव्हा आयडी पुढे करून हळूच बोला, म्हणजे तीही हळू बोलते.